ध्रुवाच्या अल्याड-पल्याडचे दोन विमानतळ: हवाई अंतर स्वतः कसं काढायचं

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात दोन गावं शोधा. पहिलं लाँगइयरब्येन, नॉर्वेच्याही बरंच वर, स्वालबार्ड बेटांवर. दुसरं उत्कियाग्विक, अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला. एक नकाशाच्या मध्यावर, दुसरं पार डाव्या कोपऱ्यात. फूटपट्टी लावली तर मधे जवळजवळ अर्धी पृथ्वी पसरलेली दिसते. प्रत्यक्षात या दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई–जेद्दापेक्षाही थोडं कमी.

हा आकडा कुठल्याही संकेतस्थळावर दोन सेकंदांत मिळतो. तरीही तो एकदा हाताने काढून बघावा असं मला मनापासून वाटतं. उत्तरेकडे गेल्यावर आपली नेहमीची अंतराची समज चालत नाही आणि ती कुठे फसते, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. शिवाय या जोडीला इतिहास आहे. एप्रिल १९२८मध्ये ध्रुवीय संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयेल्सन यांनी लॉकहीड व्हेगा या एका इंजिनाच्या विमानातून पॉइंट बॅरो (उत्कियाग्विकजवळचं टोक) ते स्वालबार्ड असं उड्डाण केलं. सुमारे २० तास ते हवेत होते. शेवटी बर्फाच्या वादळामुळे त्यांना एका निर्जन बेटावर उतरावं लागलं. वादळ शमेपर्यंत ते तिथेच अडकले आणि मग स्वालबार्डवरच्याच ग्रीन हार्बरला पोचले.

लागणारं सामान फार नाही: साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅलक्युलेटर किंवा एक्सेल, कागद-पेन, आणि घरात असेल तर पृथ्वीगोल.

आधी दोरा लावून बघा

गणिताआधी पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणांमधे दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. ही वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. ज्या वर्तुळाचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असतं, ते बृहद्वृत्त.

३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा. तुमचा दोरा जवळपास ८ सेंटिमीटर भरेल. ८ गुणिले ४२५ म्हणजे ३,४००. एकही सूत्र न वापरता आपण उत्तराच्या अगदी शेजारी आलो. दोरा कुठून जातो तेही नीट बघा. गोल ज्या आसावर फिरतो त्याचं वरचं टोक म्हणजे उत्तर ध्रुव, आणि दोरा त्या बिंदूपासून फक्त अडीच मिलिमीटरवरून जातो. बऱ्याच गोलांवर तिथे धातूची चकती असते, तिच्यामुळे दोरा किंचित उचलला जाईल. तेवढं चालतं.

अक्षांश-रेखांश मिळवा, पण विमानतळाचे

गावाचे नकोत, विमानतळाचे हवेत. प्रत्येक देश आपल्या विमानतळांची अधिकृत माहिती एआयपी नावाच्या दस्तऐवजात देतो. त्यात विमानतळाचा संदर्भबिंदू अंश, मिनिटं, सेकंदांत दिलेला असतो. शोधताना नावावर विसंबू नका, कोडवर विसंबा. उत्कियाग्विकचं नाव २०१६पर्यंत बॅरो होतं. अनेक जुन्या तक्त्यांत अजून तेच सापडतं आणि विमानतळाचा कोडही जुन्या नावावरूनच आहे: बी-आर-डब्ल्यू. लाँगइयरब्येनचा कोड एल-वाय-आर.

आपल्याला लागणारे आकडे असे:

लाँगइयरब्येन: ७८ अंश १४ मिनिटं ४६ सेकंद उत्तर, १५ अंश २७ मिनिटं ५६ सेकंद पूर्व.
उत्कियाग्विक: ७१ अंश १७ मिनिटं ७ सेकंद उत्तर, १५६ अंश ४५ मिनिटं ५८ सेकंद पश्चिम.

आता हे दशांशात आणायचे. मिनिटांना ६०ने भागा, सेकंदांना ३,६००ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. १४ भागिले ६० म्हणजे ०.२३३३. ४६ भागिले ३,६०० म्हणजे ०.०१२८. एकूण ७८.२४६. बाकीचे तीन आकडे याच रीतीने १५.४६६, ७१.२८५ आणि १५६.७६६ येतात. तीन दशांश स्थळं पुरेशी आहेत, कारण अक्षांशात ०.००१ अंश म्हणजे फक्त १११ मीटर. '७८ अंश १४ मिनिटं' हे घाईत ७८.१४ असं लिहिलं मात्र जाऊ देऊ नका. तेवढ्यानेच जागा ११-१२ किलोमीटर सरकते.

पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं, म्हणून उत्कियाग्विकचा रेखांश उणे १५६.७६६. हे चिन्ह इथे किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच.

उत्तराच्या मर्यादा आधीच बांधून घ्या

ही पायरी सहसा कुणी सांगत नाही. मला मात्र ती सगळ्यांत मोलाची वाटते.

प्रत्येक विमानतळ ध्रुवापासून किती अंशांवर आहे ते काढा. ९०मधून अक्षांश वजा केला की झालं. लाँगइयरब्येन ११.७५४ अंशांवर, उत्कियाग्विक १८.७१५ अंशांवर. एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर (पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून).

दोन्ही विमानतळ ध्रुवाच्या एकाच बाजूला, एकाच रेखांशावर असते, तर अंतर या दोन आकड्यांची वजाबाकी झालं असतं: ६.९६१ अंश, म्हणजे ७७४ किलोमीटर. बरोबर समोरासमोर असते तर बेरीज: ३०.४६९ अंश, म्हणजे ३,३८८ किलोमीटर. खरं उत्तर या दोहोंच्या मधेच असणार. ३,३८८च्या वरचा कुठलाही आकडा आला तर समजा काहीतरी चुकलं, कारण सरळ ध्रुवावर जाऊन पलीकडे उतरलं तरी त्याहून जास्त अंतर पडत नाही.

रेखांशातला फरक

१५.४६६मधून उणे १५६.७६६ वजा करायचे, म्हणजे प्रत्यक्षात बेरीज: १७२.२३२ अंश. समोरासमोर असण्यासाठी १८० लागतात. आपली जोडी त्याच्या फार जवळ आहे, तेव्हा उत्तर वरच्या मर्यादेला चिकटूनच येईल हे आत्ताच दिसतं.

चिन्ह विसरलं तर फरक १४१.३ अंश येतो आणि पुढचं गणित केल्यावर अंतर ३,२०३ किलोमीटर निघतं. खऱ्या उत्तराशी फरक फक्त १७७ किलोमीटरचा! मुंबई–न्यूयॉर्कच्या गणितात हेच चिन्ह विसरलात तर आकडा इतका भलताच येईल की लगेच खटकेल. ध्रुवाजवळ रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात, त्यामुळे रेखांशातली मोठी चूकही किलोमीटरमध्ये लहान होऊन जाते आणि उत्तर दिसायला ठीकच दिसतं. वरच्या मर्यादांच्या चाळणीतूनही ही चूक निसटते. म्हणून उत्तरेकडच्या गणितात पूर्व-पश्चिम चिन्ह दोनदा तपासायचं.

मुख्य सूत्र

कोसाइन(अंतराचा कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशफरक)

आकडे घालू. कॅलक्युलेटर अंशांवर आहे ना, ते बघून घ्या.

साइन ७८.२४६ = ०.९७९०३
साइन ७१.२८५ = ०.९४७१३
यांचा गुणाकार ०.९२७२७

कोसाइन ७८.२४६ = ०.२०३७१
कोसाइन ७१.२८५ = ०.३२०८६
कोसाइन १७२.२३२ = उणे ०.९९०८२
या तिघांचा गुणाकार उणे ०.०६४७६

बेरीज ०.८६२५०. आता याचा उलटा कोसाइन घ्या: ३०.४०१ अंश. गुणिले १११.१९५, उत्तर ३,३८० किलोमीटर. मैलांत २,१००, नॉटिकल मैलांत सुमारे १,८२५.

आपण बांधलेली वरची मर्यादा होती ३,३८८. म्हणजे ध्रुवावर पाय ठेवून पलीकडे गेलात तरी जेमतेम ८ किलोमीटर जास्त!

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये करणार असाल तर तिथली साइन-कोसाइनची फंक्शन्स अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन (कोन मोजण्याचं दुसरं एकक) लागतात. प्रत्येक कोन आधी रेडियन्स फंक्शनमधून काढा आणि शेवटी रेडियनमध्ये आलेला कोन थेट ६,३७१ने गुणा.

नकाशावरच्या रेषेचं काय?

मर्केटर पद्धतीच्या आयताकृती नकाशावर या दोन गावांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे प्रवासभर उत्तर दिशेशी एकच कोन ठेवून जाण्याची वाट. विमानाने ती तंतोतंत पाळली तर ५,००५ किलोमीटर उडावं लागेल. १,६०० किलोमीटरहून जास्त फरक, तोही दोन्ही टोकं तीच असताना. विषुववृत्ताजवळच्या दोन शहरांत या दोन वाटांमधला फरक नगण्य असतो, म्हणून आपल्याला त्याची सवय नसते.

दिशा काढा

अंतराइतकंच इथलं दिशेचं गणित रंजक आहे. लाँगइयरब्येनहून निघताना विमानाचं नाक कुठे हवं?

साइन(दिशा) = साइन(रेखांशफरक) × कोसाइन(मुक्कामाचा अक्षांश) ÷ साइन(अंतराचा कोन)

आकडे घातले की ४.९ अंश येतात, उत्तरेच्या पश्चिमेला. वैमानिकाच्या भाषेत ३५५ अंश. म्हणजे अमेरिकेतल्या गावाला जाण्यासाठी विमान जवळजवळ नाकासमोर उत्तरेला निघतं. हेच सूत्र उलट्या बाजूने वापरलं तर पोचतानाची दिशा कळते: १८३ अंश, जवळजवळ सरळ दक्षिण. मधल्या वाटेत विमान कुठेही वळत नाही, तरी त्याची दिशा उत्तरेकडून पश्चिमेकडे आणि पश्चिमेकडून दक्षिणेकडे फिरते. त्यातला बहुतेक बदल ध्रुवाजवळच्या थोड्याच पट्ट्यात होतो.

ध्रुवापासून सर्वांत कमी अंतर किती राहतं? साइन(दिशा) गुणिले कोसाइन(निघण्याचा अक्षांश): ०.०८५७ × ०.२०३७ = ०.०१७५, म्हणजे १ अंश, म्हणजे १११ किलोमीटर. गोलावर दोरा अडीच मिलिमीटरवरून जात होता तो याचमुळे.

अशा ठिकाणी साधा चुंबकी होकायंत्र उपयोगाचा नाही. चुंबकी ध्रुव जवळ असल्याने सुई भरवशाची राहत नाही, आणि खरी उत्तर दिशाही मिनिटामिनिटाला सरकते. म्हणून ध्रुवीय उड्डाणात नकाशावर समांतर रेषांची जाळी आखून तिच्या संदर्भाने दिशा मोजण्याची पद्धत आहे. विल्किन्स आणि आयेल्सन यांच्याकडे आजची कुठलीच साधनं नव्हती, आणि त्यांची वाट सर्वांत जवळचीही नव्हती. ध्रुव टाळून, तोवर कुणी न पाहिलेल्या भागात कुठे जमीन आहे का ते बघत ते गेले. त्या दृष्टीने १९२८चं ते मार्गदर्शन थक्क करणारं आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही

३,३८० हा आकडा पृथ्वी चेंडूसारखी गोल धरून आला. खरी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तिथे वक्रता कमी असल्याने अक्षांशाचा एक अंश लांब होतो: विषुववृत्तापाशी ११०.६ किलोमीटर, ध्रुवापाशी १११.७. आपली वाट जवळजवळ पूर्ण उत्तर-दक्षिण आणि सगळी ध्रुवाच्या आसपासची, त्यामुळे खरं अंतर थोडं वाढून सुमारे ३,३९५ किलोमीटर होतं. दोन संकेतस्थळांवर १५ किलोमीटरच्या फरकाचे आकडे दिसले तर बहुधा एकाने गोल धरलेला असतो आणि दुसऱ्याने चपटा. विमान ११ किलोमीटर उंचीवरून उडतं, त्याने आणखी जेमतेम ६ किलोमीटर वाढतात. तेवढे सोडून दिले तरी चालतील.

जवळच्या विमानतळांसाठी सोपी रीत

दोन विमानतळ शे-दोनशे किलोमीटरवर असतील तर मोठं सूत्र लागत नाही, पायथागोरस पुरतो. उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र 'हिमाद्री' २००८पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड इथे आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. आपले शास्त्रज्ञ लाँगइयरब्येनपर्यंत मोठ्या विमानाने जातात आणि पुढचा टप्पा सहसा छोट्या विमानाने करतात. दोन वस्त्यांमधे रस्ताच नाही.

न्यू-ऑलेसुंडची धावपट्टी ७८.९२७ उत्तर, ११.८७४ पूर्व. अक्षांशातला फरक ०.६८१ अंश, म्हणजे ७५.७ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.५९२ अंश, पण इथे तो आधी सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, ०.१९७९ने गुणायचा: ०.७११ अंश, म्हणजे ७९ किलोमीटर. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ साधारण १०९ किलोमीटर. कोसाइनने गुणायचं राहिलं तर हेच उत्तर ४०० किलोमीटरच्या पुढे जातं. ७८ अंशांवर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या अंशाच्या फक्त पाचवा हिस्सा उरतो, हे लक्षात ठेवलं की ही चूक होत नाही.

अंतर कळलं, आता उड्डाणाचं बघू

ताशी ८५० किलोमीटर वेगाने ३,३९५ किलोमीटरला ४ तास लागतात. चढ-उतार धरून साडेचार म्हणू. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ७५० होतो आणि चढ-उतार न धरताच वेळ साडेचार तासांवर जाते. इंधनाच्या हिशेबात विमान तेवढ्या वेळात हवेतून ३,८५० किलोमीटर उडालेलं असतं. म्हणून नकाशावरचं अंतर आणि हवेतून कापलेलं अंतर हे दोन वेगळे आकडे मांडावे लागतात, आणि इंधन दुसऱ्यावरून ठरतं.

अमेरिकेच्या हवाई नियमांत ७८ अंशांच्या उत्तरेचा भाग उत्तर ध्रुवीय क्षेत्र मानला जातो. लाँगइयरब्येनची धावपट्टी स्वतःच त्या रेषेच्या आत आहे. या नियमांनुसार त्या क्षेत्रातून उडणाऱ्या प्रवासी विमानांनी अडचणीत कुठे उतरायचं, उतरल्यावर प्रवाशांना कसं सोडवायचं, रेडिओ संपर्क कसा ठेवायचा, याची आधी आखणी करायची असते. विमानात थंडीचे खास पोशाखही ठेवावे लागतात. विषुववृत्तावरचे संपर्क-उपग्रह ८२ अंशांच्या पुढे क्षितिजाआड जाऊ लागतात, तेव्हा उच्च वारंवारतेचा रेडिओ किंवा ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह लागतात. इंधनावरही नजर ठेवावी लागते. जेट ए-१ उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठू लागतं, अमेरिकेत मिळणारं जेट ए त्याआधीच, उणे ४० अंशांना. उत्कियाग्विकहून परत निघताना टाकीत दुसरं इंधन असू शकतं, म्हणून मर्यादाही दुसरी.

वेळापत्रकातल्या वेळांवरून अंतराचा अंदाज मात्र इथे बांधू नका. दोन्ही गावांच्या घड्याळांत १० तासांचा फरक आहे. लाँगइयरब्येनहून दुपारी १२ला निघालेलं विमान साडेचार तास उडून उत्कियाग्विकला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरेल.

तिकीट काढून जायचं असेल तर

या दोन विमानतळांमधे थेट प्रवासी विमान नाही. शक्य मार्गांपैकी एक असा: लाँगइयरब्येन–ऑस्लो २,०१३ किलोमीटर, ऑस्लो–केफ्लाविक १,७८१, केफ्लाविक–सिएटल ५,८११, सिएटल–अँकरेज २,३२६, अँकरेज–उत्कियाग्विक १,१६३. प्रत्येक टप्पा वरच्याच सूत्राने काढता येतो. बेरीज १३,०९४ किलोमीटर, थेट अंतराच्या जवळपास चौपट. प्रवासाचा वेळ, भाडं किंवा विमानाच्या धुराचा हिशेब करायचा असेल तर हाच आकडा धरा, ३,३८० नव्हे.

भारतीय पासपोर्टधारकांसाठी कागदपत्रांची एक बाब फार महत्त्वाची आहे. स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही, पण तो प्रदेश शेंगेनच्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे आणि वाट नॉर्वेतूनच जाते. ऑस्लोहून स्वालबार्डला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत आलात की दुसरा प्रवेश. म्हणून शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच मागा, आणि पुढच्या टप्प्यांसाठी अमेरिकेचा व्हिसा वेगळा. दोन्ही टोकांना हवामानामुळे विमानं रद्द होतात, तेव्हा ऑस्लोत आणि अँकरेजला एकेक मोकळा दिवस ठेवा, आणि जोडविमानं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. म्हणजे एक टप्पा चुकला तर पुढच्याची सोय करणं विमान कंपनीकडे राहतं.